थोरल्या आत्याची वाट

थोरली आत्या मिरजेला नर्सिंग शिकली, तेव्हा नेवासा तालुक्यातल्या आमच्या वाडीत पगार आणणारी ती पहिली बाई ठरणार होती. पण १९६६ सालच्या उन्हाळ्यात ती घरी आली आणि म्हणाली, "आबा, मी नवापूरकडं जाणार. तिकडच्या आतल्या पाड्यांवर ना औषध पोचलंय, ना शुभवर्तमान."

आबा खवळले. "इथं घरात दाणा न्हाई आन् तू लोकांची लेकरं बघाया चालली व्हय?"

आजी चुलीपुढनंच बोलली, "मामंजींकडं तरी कोण कशाला आलं व्हतं?"

आजीच्या त्या एका बोलण्यात आमचा सगळा इतिहास होता. अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं १८३१ साली. पण आमच्या महारवाड्यात साहेब आला नाही. आला तो वडाळ्याकडचा एक मास्तर, आमच्याच जातीचा. काळी माती तुडवत यायचा, लिंबाखाली पोरांना अक्षरं शिकवायचा. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी मिळत नव्हतं, त्यांच्या घरात बसून तो भाकरी खायचा. पणजोबा आधी त्याच्या जेवणाला भुलले, प्रार्थनेला नंतर. म्हणजे 'न पोचलेले लोक' म्हणतात ते एके काळी आम्हीच होतो.

आत्या गेली. नवापूर तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. तिची मराठी नगरी, पाड्यावरच्या बायांची बोली मावची. पहिली दोन वर्षं तिनं भाषाच शिकली. दुखतं कुठं, कळ कधी येते, बाळ दूध ओढतं का, एवढे शब्द आधी. रात्री-अपरात्री कंदील घेऊन बाळंतपणाला जायची. येशूचं नाव ती आपणहून काढत नसे. एखादी बाईच विचारायची, "बाई, तुला ना नवरा, ना शेत. इतक्या लांब आलीस कशाला?" मग ती सांगायची, अगदी मोकळेपणानं.

पुण्यातले माझे मित्र विचारतात, "म्हणजे धर्म बदलायलाच गेली होती ना?" मी ते झाकत नाही. आपल्याला मिळालं ते त्यांनाही मिळावं, ही तिची मनापासून इच्छा होती. काही घरं मंडळीत आली. पुष्कळ जण देवमोगरा मातेचेच राहिले, जत्रेला जात राहिले. त्यांच्या लेकरांची नाळही आत्यानंच कापली. ती म्हणायची, "औषधाच्या पुडीत प्रभूला बांधून द्यायचा नसतो. ज्याला हवा तो मागून घेईल."

आबांना हे कधी पटलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. मंदिरात पाळकसाहेबांनी आत्यासाठी प्रार्थना केली, की ते उठून बाहेर जाऊन तंबाखू मळत बसायचे. पण दरसाल बाजरी निघाली की एक पोतं बाजूला पडायचं. आबा स्वतः सुतळीनं तोंड शिवायचे, मला वर 'नवापूर' लिहायला लावायचे आणि एसटीच्या टपावर पोतं चढेपर्यंत स्टँडवर उभे राहायचे. कंडक्टरला सांगायचे, "जपून न्या. पोरगी तिकडं नोकरीला हाये."