म्हातारी ठेवते, कालवड विकते

वरोर, ता. डहाणू
कार्तिक

प्रिय दादा,


तांबू गाईचा एकदाचा निकाल लाव, असं तू परवा फोनवर म्हणालास. आई शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. तुझं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. अर्धं पटलं. पण जे अर्धं पटलं नाही ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी तिची अवस्था सांगते. पाचवं वेत झालं त्याला दीड वर्ष होत आलं. दूध केव्हाच आटलं. भरवली की उलटते; एकवीस दिवस झाले की पुन्हा माजावर. डॉक्टरांनी हात घालून तपासलं. पिशवीत गाठबीठ काही नाही, पण आता फार आशा धरू नका, असं ते स्पष्ट बोलले. मी तिचं तोंड उघडून पाहिलं. खालच्या दातांची झिजून खुंटं झाली आहेत, मधल्या दोन दातांत बोट जाईल एवढी फट आहे. सुका पेंढा टाकला की ती बराच वेळ चघळते आणि अर्धा चोथा तोंडाच्या कडेनं खाली सांडतो. बारीक कुट्टी करून, मीठ घालून भिजवून दिली तर मात्र टोपली चाटूनपुसून साफ करते. पाय धड आहेत, डोळे स्वच्छ आहेत. मरायला टेकलेली नाही, दादा. कामातून गेली आहे, एवढंच.

मांसासाठी गाई पाळणाऱ्या मुलखात या प्रश्नाला फार वेळ लागत नाही. अमेरिकेत शरद ऋतूत वासरं आईपासून तोडली की डॉक्टर सगळा कळप तपासतो. गाभण ती राहते, रिकामी ती ट्रकमध्ये चढते. दात, कास, खूर, स्वभाव हे सगळं बघतात, पण पहिला प्रश्न एकच: पोटात वासरू आहे का? काढून टाकलेल्या गाईंचे पैसे हा तिथल्या शेतकऱ्याच्या जमाखर्चातला ठरलेला रकाना असतो. मला ते क्रूर वाटत नाही. ज्यानं जनावर वाढवलं तोच त्याचा शेवट ठरवतो आणि तो ठरवला हे कबूल करतो.

आपल्याकडे तो रकाना कायद्यानंच पुसला आहे. गाईची कत्तल 1976च्या कायद्यानं बंद झाली. बैल-वळूंना त्यात घेणारं दुरुस्ती विधेयक 1995 साली मंजूर झालं, वीस वर्षं राष्ट्रपतींच्या सहीसाठी थांबलं आणि मार्च 2015 मध्ये लागू झालं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. मे 2016 मध्ये उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगण्याचा गुन्हा तेवढा काढून टाकला. तुला मुद्दाम सांगते, नुसती कत्तलच नव्हे, कत्तलीला जाणार हे माहीत असताना गाय विकणं हाही गुन्हा आहे. टेम्पो घेऊन दलाल येतो, गोठ्यात उभं राहून आकडा सांगतो आणि 'गुजरातेत पाळायला नेतो' म्हणतो. दात झिजलेली, उलटणारी गाय तिकडे कोण पाळणार? हे त्याला ठाऊक, मला ठाऊक आणि तुलाही ठाऊक. त्याच्या पैशाला हात लावायचा तर मला न कळल्याचं सोंग आणावं लागेल. ते मला जमणार नाही. म्हैस असती तर गोष्ट वेगळी होती. म्हशीला ही बंदी नाही, म्हणून भाकड म्हशीलाही बाजारात भाव असतो.

गोशाळेचं तू सुचवलंस. 30 सप्टेंबर 2024 ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं आणि गोशाळांना दर देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये द्यायचं ठरवलं. आपली तांबू जर्सी संकरित. तिला मारायची बंदी पूर्ण लागू, पोसायचे पन्नास रुपये मात्र तिच्या नावानं नाहीत. आणि देशी असती तरी ते पैसे गोशाळेला मिळाले असते, आपल्या गोठ्याला नाही. जो शेतकरी भाकड गाय दावणीला ठेवतो त्याच्या हातात काहीच पडत नाही, आणि तीच गाय त्यानं सोडून दिली तर तिच्यासाठी अनुदान निघतं! हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. गाय सगळ्या राज्याची आई असेल तर तिचा चारा एकट्या वरोरच्या घरानं का पुरवायचा?

भाकड झाली तरी शेण देते, असं आई बोलते, तेही खरं आहे. 1958 साली सर्वोच्च न्यायालयानं निकामी बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी चालणार नाही असं म्हटलं होतं. 2005 साली गुजरातच्या खटल्यात तेच न्यायालय फिरलं आणि म्हातारं जनावरही शेणामुताचं धनी असतं, हा त्यातला एक मोठा आधार होता. तांबू दिवसाला बारा-पंधरा किलो शेण देते. चिकूच्या मोठ्या झाडाला वर्षाला पन्नास-शंभर किलो शेणखत लागतं, वाडीत मिरची आहेच, आणि खाऱ्या वाऱ्याची आपली रेताड जमीन खताशिवाय पाणी धरत नाही. पण शेणावर गाईचा खर्च निघत नाही. न्यायमूर्तींना पेंढा विकत घ्यावा लागत नाही.

खरी गोम पेंढ्यातच आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांचं नाव तुझ्या कॉलेजच्या पुस्तकांत होतं. मार्विन हॅरिस नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं 1966 मध्ये मांडलं, की हिंदूंचं गोपालन हा आंधळेपणा नाही, त्यात गरिबाचा पक्का हिशेब आहे. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. जनावरांची संख्या आणि चारा यांचा मेळ कुणीतरी बसवायलाच हवा, आपोआप बसतो असं म्हणू नका, हा त्यांचा धोशा होता. गंमत अशी की हॅरिसनंच पुढे केरळाबद्दल लिहिलं, की तिथे वासरू कुणी मारत नाही, पण नको असलेले गोऱ्हे जगतही नाहीत. त्यांना आचळाशी कमी सोडलं जातं. हे वाचून मी फार अस्वस्थ झाले, कारण आपल्या गावातही हे पाहिलेलं आहे. सुरीनं नाही मारलं, उपाशी ठेवून मारलं. याला पाळणं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ठेवायची तर पोटभर खायला घालून ठेवायची, नाहीतर ठेवली असं म्हणायचं नाही.

आणि पोटभर म्हणजे किती? जनावरामागे दिवसाला सहा किलो पेंढा धरला तरी वर्षाला बावीस क्विंटल. तांबू, तिची थोरली लेक आणि कालवड अशा आपल्या तीन जनावरांना साठाच्या पुढे. आपल्या दीड एकर भातातून पंचवीसेक निघतो. बांधावरचं हत्तीगवत थोडा आधार देतं, कोंडा-पेंड विकत. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, म्हणून यंदा थोडा पेंढा युरियाची प्रक्रिया करून ठेवणार आहे: शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे ताडपत्रीखाली दाबून ठेवायचा. एवढं करूनही दोन गुरांचं कसंबसं भागेल. तिसऱ्याचं नाही. चरायला सोडीन म्हणावं तर पडीक राहिलीच किती? वाढवण बंदराचा पाया 30 ऑगस्ट 2024 ला घातला गेल्यापासून इकडे प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर कुणाची ना कुणाची मोजणी चालू असते. तिकडे अमेरिकेतही शेवटी वैरणच ठरवते. दुष्काळात कुरणं करपली म्हणून लोकांनी चांगल्या गाईसुद्धा काढल्या आणि 1 जानेवारी 2025 ला तिथली गुरं 8 कोटी 67 लाखांवर आली, 1951 नंतरची सर्वांत कमी.

म्हणजे एक जनावर कमी करायचंच आहे, यात तुझं म्हणणं खरं. कुठलं, हे मात्र मी उलटं ठरवलं आहे. तांबू ठेवते आणि सातव्या महिन्याची गाभण कालवड विकते.

तू म्हणशील, वेडी आहेस, कमावणारी घालवून खाणारी ठेवतेस. पण बघ. कालवड चार दाती आहे, अंगानं भरलेली आहे, पुढल्या दोन-तीन महिन्यांत दूध देईल. तिला उघड, सरळ गिऱ्हाईक आहे. वाणगावकडचे एक दूधवाले घेतो म्हणतात. त्यांचा गोठा मी पाहून आले: जमीन कोरडी, गव्हाणी भरलेल्या, लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचलेली. ती जिथे जाईल तिथे मला केव्हाही जाऊन तिला बघता येईल. तांबूला असं एकही दार उघडं नाही. ज्याला चांगलं घर मिळतंय त्याला पाठवावं आणि ज्याला कुणीच घेत नाही त्याला घरी ठेवावं, याहून स्वच्छ वाट मला दिसत नाही. कालवडीच्या पैशातून तांबूचा दोन उन्हाळ्यांचा चारा निघेल. दुधाला तांबूची थोरली लेक आहेच. घरचं भागून दोन रतीब चालतात.

तांबूला आता पुन्हा भरवणार नाही. एखादे वेळी ठरलीच तर या दातांवर पोटातलं वासरू पोसणं तिला झेपायचं नाही. तिच्या लेकीलाही सरसकट भरवणं बंद. वेतामागे वेत घेत गेलो म्हणूनच दावण भरली. भरवतानाच विचारायचं, की हे वासरू मोठं होऊन भाकड होईल तेव्हा त्याला चारा कुठून आणणार? आपल्याकडे जनावर कमी करायची जागा तीच उरली आहे, जन्माच्या अलीकडची. यापुढे लेकीला भरवीन तेव्हा लिंग-वर्गीकृत रेतमात्राच मागीन, म्हणजे दहात नऊ वेळा कालवड होईल. गोऱ्ह्याचं काय करायचं हा प्रश्नच नको.

आणि तांबू बसली, उठेनाशी झाली, तर? तेही आईशी बोलले आहे. डॉक्टरांना बोलवायचं, वेदना कमी होतील ते करायचं, ओढत कुठे न्यायचं नाही. वाडीच्या उत्तरेला, विहिरीपासून लांब, खोल खड्डा घ्यायला जागा आहे.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. कालवडीचा सौदा पौर्णिमेनंतरच्या रविवारी ठरेल, तेव्हा तू इथे असलास तर बरं. पैशाच्या बोलण्यात मी लवकर गप्प बसते आणि समोरच्याला ते कळतं. दुसरं, कुट्टीच्या यंत्राची पाती बोथट झाली आहेत. नवा जोड बोईसरला मिळेल, येताना घेऊन ये. माप सोबतच्या कागदावर काढलं आहे, भोकांमधलं अंतर नीट बघ. मागच्या वेळी दुकानदारानं भलतंच माथी मारलं होतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी