उद्याचा रोजा

दादी खेडकडची, म्हणून शाफई पंथाची. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफईच. अम्मी सोलापूरची, हनफी. एरवी घरात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नसे.

मी नववीत असताना रमजानात एकदा संध्याकाळीच डोळा लागला, पहाटे सहरीच्या जेवणालाही जाग आली नाही. उठले तेव्हा अंगणात ऊन आलं होतं. अम्मी म्हणाली, काही खाल्लं नाहीस ना? मग आत्ता नियत कर, रोजाचा संकल्प. हनफींमध्ये रमजानच्या रोजाची नियत निम्मा दिवस सरण्याआधी केली तरी चालते. दादीने मान हलवली. शाफईंना ती रात्रीच, पहाट फुटण्यापूर्वी आणि रोजच्या रोज करावी लागते. नसेल केली, तर दिवसभर उपाशी राहायचंच, शिवाय तो रोजा पुढे कजा म्हणून भरून द्यायचा.

तीच भूक, तीच तहान, आणि रोजा मात्र नाही! मी रडू लागले. दादीने जवळ घेऊन विचारलं, काल मगरिबनंतर उद्याचा रोजा धरायचाय, असं नुसतं मनात तरी आलं होतं का? तेवढंही पुरतं, तोंडाने म्हणावं लागत नाही. मी हो म्हटलं असतं तर कोण पडताळणार होतं? खूप आठवून पाहिलं. मग नाही म्हणाले.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाने रोजा विसरून परसातली मूठभर करवंदं खाल्ली. तो घाबरला, दादी हसली. त्याचा रोजा शाबूत होता. अल्लाहनेच भरवलं तुला, म्हणाली. माझं पोट रिकामं आणि रोजा नाही. त्याच्या ओठांवर करवंदाचा रंग, तरी रोजा आहे. इमाम बुखारींनी आपल्या संग्रहाच्या आरंभीच नियतविषयीची हदीस का ठेवली असेल, ते मला त्या ओठांमुळे कळू लागलं. मराठीत आपल्याला नियत आठवते ती बहुधा कुणाची फिरली म्हणजे. दादीला ती रोज रात्री आठवायची.

आता पुण्यात एकटी राहते. पाळीमुळे सुटलेले रोजे डिसेंबरात धरते. कजाची नियत पहाटेआधीच हवी, यावर अम्मी आणि दादीचं एकमत. तेव्हा ना रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाज, ना गल्लीतली जाग. रात्री भांडी आवरताना मनात म्हणते, उद्या, कजा. मग धुतलेला डबा ओट्यावर पालथा घालते.