लाइन लागली

"लाइन गयी!" अशी आरोळी भिंतीपलीकडच्या कारखान्यातून आली की आमच्या घरात आई म्हणायची, "लाइट गेली वाटतं." वीज दोन्हीकडची एकाच वेळी जायची, पण आमच्याकडे ती लाइट होती आणि पूर्वांचलातून आलेल्या कारीगरांकडे लाइन. मला लहानपणापासून त्यांचा शब्द जास्त खरा वाटत आला आहे. लाइट म्हणजे नुसता दिवा, आणि कारखान्यात दिव्याचं फारसं काही अडत नव्हतं. अडायचं ते मागांचं. धोटा ताण्याच्या मधोमध थबकायचा, पट्टे सैल पडायचे आणि अख्ख्या गल्लीचा खडखडाट एकदम बंद व्हायचा. मजुरी विणलेल्या मीटरवर, त्यामुळे माग थांबला की कमाईही थांबली. भारनियमनाच्या वर्षांत हे रोजचंच होतं. 2007 मध्ये भिवंडी शहराचं वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेलं. एका शहराची वितरण व्यवस्था खासगी फ्रँचायझीकडे सोपवण्याचा देशातला तो पहिला प्रयोग. यंत्रणा बदलली, तरी वीज गेली की कारखान्यांतली आरोळी आजही तीच असते.

माझे वडील एका कारखान्यात मेहताजी होते. मागावरून उतरलेला टाका, म्हणजे कापडाचा तागा, तपासायचा, मीटर मोजायचे आणि वहीत मजुरी मांडायची, हे त्यांचं काम. शाळा सुटली की मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायचे. उतरत्या टेबलावर ते कापड ओढत न्यायचे, नजर कापडावर आणि उजव्या हाताची दोन बोटं पोतावर. मध्येच हात थांबायचा. "ये, बघ इथे. लाइन आली."

मला आधी काहीच दिसायचं नाही. मग ते कापड उजेडासमोर धरायचे आणि न रंगवलेल्या पांढरट 'ग्रे' कापडात वरून खाली गेलेली केसाएवढी फट दिसायची. ताण्यातला एक तार तुटला, तो तुटल्याचं कारीगराला कळलं नाही, आणि माग मात्र पुढे विणत राहिला. हजारो तारांतला एक नाही म्हणून कापड काही फाटत नाही, पण ती रेघ त्यात कायमची राहते, आणि कापड रंगवलं की आणखी उठून दिसते. एकेक कारीगर चार-सहा माग सांभाळायचा, बारा-बारा तासांची पाळी करायचा. पहाटेच्या झापडीत एक तार नजरेतून सुटावा यात त्याचा दोष तो किती! तरी खडूची खूण व्हायची आणि मजुरीतून पैसे कापले जायचे. वडिलांना ते आवडत नसे. खूण करताना ते टाका कुणाचा आहे हे मुद्दाम बघत नसत. नंबर नंतर वहीत उतरवायचे.

पुढे कॉलेजात इंग्रजी शिकताना कळलं की लाइन हा शब्द मूळचा लॅटिन 'लिनेआ', म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा. लिनन हे कापडाचं नावही त्याच कुळातलं. म्हणजे रेघ, रांग, मार्ग, धंदा हे सगळे अर्थ मागाहून आलेले, आधी होता तो धागा. हे वाचलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! वडील बोट ठेवून दाखवायचे ती लाइन आणि हा दोरा यांचं गोत्र एकच. आणि आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? सरळ वागणारा माणूस आपण सुतासारखा सरळ म्हणतो. सूत्र म्हणजे दोरा आणि सूत्र म्हणजे नियमही. गवंडी भिंत उभारताना दोन टोकांना खिळे मारून दोरी ताणतो, तिचं नाव लाइनदोरी. त्या एका नावात इंग्रजी आणि मराठी दोन्ही धागे शेजारी शेजारी आहेत आणि गवंड्याला त्यात काहीच खटकत नाही.

मराठीत रांग, ओळ, रेघ, पंगत असे नेमके शब्द असताना लाइन कशाला, असं आमचे एक शिक्षक नेहमी म्हणत. त्यांचं म्हणणं मला निम्मंच पटतं. पंगतीला कुणी जेवणाची लाइन म्हटलं की मलाही वाईट वाटतं. पंगतीत यजमानाचा आग्रह असतो, तो लाइनीत कुठून येणार? पण भिवंडीचा बाजार पाहावा. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, पद्मानगरातले तेलुगू पद्मशाली, मारवाडी-गुजराती व्यापारी, आणि मूळचे आम्ही आगरी, कोळी, कुणबी. अन्सारी म्हणणार कतार, पद्मशाली म्हणणार वरुस, आम्ही म्हणणार रांग. रेशनच्या दुकानासमोर या तिघांना एकामागे एक उभं करायचं तर शब्द कुणाचा घ्यायचा? जो कुणाचाच नव्हता तो सगळ्यांनी घेतला. घेताना कुणाला कमीपणा वाटला नाही, हे मला त्या शब्दाचं मोठं देणं वाटतं.

आमच्या बालपणी तो सगळीकडे होता. सिंगल लाइन, डबल लाइन आणि इंग्रजीसाठी फोर लाइनची वही. प्रार्थनेला जाताना लाइन मोडायची नाही. दहावी झाली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न, सायन्स लाइन की कॉमर्स लाइन? वयात आल्यावर लाइन मारणं आणि लाइन देणं. (यातलं दुसरं मुलीने करायचं आणि बोलही तिलाच लागायचा, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटे.) आणि पोरगं एकदाचं नोकरीला लागलं की आजी साखर वाटत सांगायची, "लाइनला लागला बाई."

यातल्या 'लाइन लागली' या दोन शब्दांचा पुरता अर्थ मला समजला तो नाक्यावरच्या एसटीडी बूथवर. नव्वदच्या दशकात रात्री उशिरा कॉलचा दर उतरायचा. दिवसपाळीचे कारीगर बिस्सीत, म्हणजे त्यांच्या खानावळीत, जेवून तिथे जमायचे. बाहेर लाइन लागलेली असायची. आत काचेच्या खोलीत एकजण नंबर फिरवत असायचा, पुन्हा पुन्हा. मग आतून आवाज यायचा, "लग गयी, लाइन लग गयी!" आणि बाहेरची माणसंही सैलावायची, जणू त्यांच्याच घरी फोन लागला होता. फोन गावातल्या एखाद्या दुकानात असायचा. तिथून पोरगं धावत जाऊन घरच्यांना बोलावून आणायचं, आणि तोवर लाल आकड्यांचं मीटर पळत राहायचं. एक कारीगर मला आठवतो. आई फोनवर आली तेव्हा त्याच्याकडे बोलायला फार थोडे पैसे उरले होते. "अम्मा, सब ठीक है," एवढंच तो तीन-चारदा म्हणाला आणि बाहेर आला. त्याच्या मागच्याने पुढे होऊन आपल्या खिशातले पैसे बूथवाल्यासमोर ठेवले आणि त्याला परत आत पाठवलं. त्या मागच्याचा स्वतःचा नंबर लागायचा होता.

भिवंडीबद्दल लिहिताना मे 1984 टाळता येत नाही. सुट्टीचे दिवस होते, मी शाळकरी होते. दंगल पेटली आणि संचारबंदी लागली. ती काही वेळापुरती शिथिल झाली की दुधाला, पिठाला लाइन. एरवी लाइनीत बायकांच्या गप्पा थांबत नसत. त्या दिवसांत मात्र प्रत्येकीचं लक्ष गल्लीच्या तोंडाकडे. आईने मला दाराशी उभं करून बोटाने दाखवलं होतं, त्या खांबापर्यंत, त्याच्या पलीकडे नाही. कालपर्यंत तिथून मी वडिलांचा डबा घेऊन जात होते. त्या जागी जमिनीवर रेघ नव्हती, भिंत नव्हती, पण आता तिथे एक लाइन होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. ती पुसायचं काम पुढे ज्यांनी केलं त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई दंगलींत जळत असताना 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिलेली भिवंडी शांत राहिली. वडिलांचा कारखाना त्या दिवसांत चालू होता. माझ्या गावाची याहून मोठी कमाई मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रात हा शब्द गावांच्या नकाशातही जाऊन बसला आहे. पनवेलला लाइन आळी आहे, कोल्हापूरला लाइन बाजार, आणि पोलीस लाइनीत वाढलेली पोरं तर सगळ्याच शहरांत. भिवंडीच्या नकाशात आहे ती पाइपलाइन. तानसा धरण 1892 मध्ये झालं आणि तिथून मुंबईकडे जाणारे मोठे नळ भिवंडी तालुक्यातून जातात. त्या नळांशेजारच्या गावांत आता गोदामं उभी आहेत. दुसऱ्याच्या घरचं पाणी आपल्या अंगणातून जाताना बघत हंडे घेऊन लाइनीत उभं राहणं काय असतं, ते मुंबईकराला एकदा तरी कळावं असं मला मनापासून वाटतं.

रेल्वेची लाइनही अशीच. वसई ते दिवा मार्गावर भिवंडी रोड स्थानक आहे, पण रोजच्या प्रवासाला ते गावाच्या कामी फारसं आलं नाही. लोकल गाठायची तर ठाणं किंवा कल्याण. त्याच स्थानकाबाहेर मे 2020 च्या सुरुवातीला टाळेबंदीत अडकलेले कारीगर उभे होते. माग बंद, बिस्सी बंद. कित्येकजण आधीच मुंबई-आग्रा महामार्गाने पडघा, कसारा असे पायी निघाले होते. अखेर भिवंडी रोडहून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली. एकमेकांपासून अंतर ठेवून उभी असलेली, पाठीला पिशवी आणि हातात कागद धरलेली ती माणसं पाहिली तेव्हा मला राग आला आणि लाजही वाटली. याच हातांनी माझ्या गावाला नाव मिळवून दिलं. त्यांना परत पाठवायची वेळ आली तेव्हा कुठे आम्हाला आपली रेल्वे लाइन आठवली.

बरेच जण परतले. पण परतून आलेल्या सगळ्यांना माग मिळाले नाहीत. धोट्याचे जुने माग भंगारात किलोवर विकले गेले, काहींच्या जागी बिनधोट्याचे रेपियर माग आले आणि अनेक शेडची गोदामं झाली. आमच्या शेजारच्या कारखानदारानेही विकले. त्यांचा मुलगा आता टेम्पो चालवतो. "कुठे असतोस हल्ली?" विचारलं तर म्हणतो, "नाशिक लाइनला." वडील कापडाच्या लाइनमध्ये, मुलगा नाशिक लाइनला.

18 डिसेंबर 2018 ला कल्याणात ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली. सरकारी कागदांत तिचं नाव मेट्रो लाइन 5. तिच्या खांबांखालच्या वाहतूक कोंडीत आम्ही वर्षं काढली आहेत. मला ती लवकर हवी आहे आणि पाळीवरून घरी जाणाऱ्या कारीगराच्या खिशाला परवडणारी हवी आहे. धामणकर नाक्यावर त्याने तिकिटाच्या लाइनीत उभं राहावं आणि त्याच्या मागे मी.