पसंतीक्रम एक

२०२५ साली धुळवड १४ मार्चला आली आणि दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर १५ला. बोर्डाचं वेळापत्रक कपाटाच्या दाराला चिकटवलं त्याच दिवशी ही जोडी माझ्या डोळ्यांत खुपली होती. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरीतली धुळवड सकाळी आठपासून अंगणात येते. आधी पिचकाऱ्या, मग हलगी, मग कुणाच्या तरी गच्चीवरचा भोंगा. मी सहालाच उठून लेकीच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दारावरची घंटा काढून ठेवली. नऊच्या सुमाराला ती बाहेर आली आणि म्हणाली, "आई, खिडकी उघड ना. बंद खोलीत मला जास्त ऐकू येतं."

मी उघडली. साडेअकराला ती अर्धा तास खाली गेली, गाल हिरवा करून आली, तोंड धुतलं आणि पुस्तक घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकातून आत जाताना तिच्या भांगात गुलाल तसाच होता. मला तो पदरानं पुसावासा वाटला. पण ती मैत्रिणींमध्ये होती, म्हणून हात आवरला.

परीक्षेचे ते पंचवीस-सव्वीस दिवस, २१ फेब्रुवारीच्या मराठीपासून १७ मार्चच्या भूगोलापर्यंत, आता आठवले की वाटतं, तेवढं मला जमलं. त्यात हाताला काम होतं. सकाळी दही, रात्री दूध, दोन पेन, पट्टी, हॉल तिकीट, पाण्याची बाटली. भाषेचा पेपर अकरा ते दोन वाजून दहा, गणितासारखा असला तर एक वाजून दहापर्यंत. तोवर आम्ही आईबाप रस्त्यापलीकडच्या सावलीत उभे. शेवटची दहा मिनिटं वाढवून मिळतात ती मुलांना कमी पडत असतील, आम्हाला मात्र फार मोठी वाटायची. बाहेर आल्यावर "कसा गेला?" हे विचारायचं नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी मागून घेतलं होतं. स्कूटीवर मागे बसल्यावर तिला वाटलं तर ती सांगायची, नाहीतर पळस पाहत बसायची. त्या दिवसांत वर्ध्याच्या कुठल्याही रस्त्यानं गावाबाहेर पडा, पळस पेटलेला असतो. बीजगणिताच्या दिवशी ती घर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. भूगोलाच्या दिवशी मात्र फाटकातून हसतच आली आणि नकाशाचा प्रश्न मला रस्ताभर समजावून सांगत राहिली. मी "हं, हं" करत होते. तिच्या त्या बोलण्यात पुढच्या तीन महिन्यांचं सगळं होतं, हे मला तेव्हा ऐकू आलं नाही.

१३ मेला दुपारी एकला निकाल लागला. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, आमचा नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांवर, नऊ विभागांत सगळ्यात खाली. लेकीला एक्याऐंशी टक्के. ती खूश होती. मीही होते, पहिला फोन येईपर्यंत. फोन माझ्या भावाचा, नागपूरहून. अभिनंदन झालं आणि श्वास न घेता त्यानं विचारलं, "मग सायन्सच ना? टाय-अपवाल्या कॉलेजात नाव टाक. क्लास इकडे लावू. राहील माझ्याकडे."

टाय-अप म्हणजे काय, हे आमच्याकडे आता भाजीवालीलाही ठाऊक आहे. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणं दुसरीकडे क्लासमध्ये, प्रॅक्टिकलपुरतं कॉलेजचं तोंड पाहायचं, आणि दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ नीट किंवा जेईई. भावाच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि आम्हा वर्ध्यात राहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं असतं तरी काय? एका अंगाला सावंगीचं मेडिकल कॉलेज, दुसऱ्या अंगाला सेवाग्रामचं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झालेलं. ऑटोत, बसमध्ये, रसवंतीवर पांढरे कोट दिसतात. आपल्या लेकराच्या अंगावर तो कोट मनातल्या मनात घालून न पाहिलेली आई या दोन गावांच्या मध्ये क्वचितच सापडेल. मीही घालून पाहिला होता. अगदी मापासकट.

चार दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "मला आर्ट्स घ्यायचंय. भूगोल."

मी काही बोलले नाही. तिच्या बाबांनी वरण वाढून घेतलं. मला आठवतं, माझ्या मनात सगळ्यात आधी तिचा विचार आलाच नाही. आधी आले ते लोक. एक्याऐंशी टक्के आणि आर्ट्स? कुणी विचारलं तर काय सांगू? मग पैसा आला, नोकरी आली, माझ्या मैत्रिणीची एम.ए. होऊन घरी बसलेली बहीण आली. आणि त्या सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटी, ताटावर बोट फिरवत बसलेली माझी मुलगी दिसली.

त्या रात्री मला माझे बाबा आठवले. १९९४ साली मी दहावी झाले. आमचं गाव सेलूकडचं, घरची शेती कपाशीची. बाबा मला एसटीनं वर्ध्याला घेऊन आले, अकरावीचा फॉर्म भरायला. कॉलेजच्या फाटकाशी एक कडुनिंब होता. तिथं ते थांबले आणि म्हणाले, "तुले काय आवडते, ते सांग आधी." मला उत्तर आलं नाही. आवडण्याचा आणि कॉलेजचा काही संबंध असतो, असं मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. रांगेतल्या पुढच्या मुलीनं कॉमर्स लिहिलं, मी कॉमर्स लिहिलं. बाबा शेवटपर्यंत आत आले नाहीत. धोतराला काळी माती होती म्हणून ते लाजले, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

तेव्हापासून अगदी परवापर्यंत वर्ध्यात हे असंच चाललं. गुणपत्रिका घ्यायची, दोन-तीन कॉलेजांत जाऊन फॉर्म द्यायचे, यादी फळ्यावर लागली की बोट फिरवत नाव शोधायचं. कारकुनाला बाप ओळखीचा असायचा, सरांना थोरली बहीण आठवायची. ऑनलाइन प्रवेश होते ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांत. २०२५ साली पहिल्यांदाच सबंध राज्य एका संकेतस्थळावर आलं, नऊ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं आणि वीस लाखांवर जागा. नोंदणी २१ मेला सुरू व्हायची होती, ती २६वर गेली. शंभर रुपये भरा, भाग एकमध्ये नाव-गाव-गुण, भाग दोनमध्ये शाखा आणि पसंतीची महाविद्यालयं. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. आणि त्यातला जो नियम मी तीनदा वाचला तो हा, की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागेल. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

सगळे या नियमाला वैतागले होते. मला मात्र तो वाचताना अंगावर काटा आला. पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते खरोखरच हवं असलं पाहिजे. तिथं भावाची सूचना चालणार नाही, माझी हौस चालणार नाही, लोकांची भीती तर नाहीच नाही. बाबांनी कडुनिंबाखाली विचारलेला प्रश्न एकतीस वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर आला होता. यावेळी उत्तर देणारी तयार होती. तयार नव्हते ती मी.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत पोळ्यांची कामं करणारी बाई संध्याकाळी दारात आली. मागे तिचा मुलगा, मान खाली. "ताई, दोन विषय राह्यले याचे. फारम भरता येते का तरी?" येतो, म्हटलं. एटीकेटी असते, दोन विषय राहिले तरी अकरावीला बसता येतं, आणि पुरवणी परीक्षा जूनमध्येच आहे. मी लॅपटॉप उघडला आणि सवयीनं विचारलं, "कोणती शाखा?" तो पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "मले अकरावी नाही करायची मॅडम. वायरमन करायचंय. आयटीआयले." आई त्याच्याकडे पाहत राहिली. एप्रिलमध्ये आमच्या कूलरचा पंप बंद पडला होता, तो याच मुलानं दहा मिनिटांत सुरू करून दिला होता. काम करताना तो शीळ घालत होता. गणितात नापास झालेल्या मुलानं पंपाचं कनेक्शन तपासताना जे डोकं चालवलं, त्याचे गुण कुठल्या गुणपत्रिकेत मांडायचे, मला सांगता येत नाही. आम्ही पुरवणी परीक्षेचा फॉर्म आधी पाहिला. मग आयटीआयच्या प्रवेशाचं वेगळं संकेतस्थळ शोधलं. बाई जाताना म्हणाली, "मी तं त्याले कधी इचारलंच नाही."

मीही विचारलं नव्हतं. ज्या गावात मी हे सगळं करत होते, त्या वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला देशभरातले शिक्षणाचे जाणकार जमले होते. मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि सगळ्याच्या मध्यभागी हाताचं काम. त्याचा आराखडा करायला डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिच्या अहवालात परीक्षांवर फार कडक लिहिलं आहे. आपल्याकडची परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरली आहे, असंच त्या मंडळींचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला, आर्यनायकम् आणि आशादेवी या जोडप्यानं मुलांना चरख्यावर, शेतात, स्वयंपाकघरात शिकवलं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतात जातात. दुचाकीवरून जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर हे सगळं घडलं आणि घडतं आहे. तरी आमच्या घरात दहावीच्या वर्षी मुलीला झाडांना पाणी घालायची मनाई होती, वेळ जातो म्हणून. ती मनाई मीच केली होती. हे लिहिताना मला वाईट वाटतं.

माझी एक चुलत बहीण इंग्लंडमध्ये आहे. तिचा मुलगाही सोळाचा. तिथंही त्या वयाला मोठी परीक्षा, निकाल ऑगस्टमध्ये, आणि पुढच्या दोन वर्षांसाठी शाळा-कॉलेज शोधण्याची तशीच धावपळ. आईबापांची झोप तिथंही उडते, हे ऐकून बरं वाटलं. पण ती म्हणाली, पुढे तीन-चारच विषय घ्यायचे, आणि मुलगा गणिताबरोबर इतिहास घेतोय. मी पुन्हा विचारलं, गणिताबरोबर इतिहास? आपल्याकडे सोळाव्या वर्षी तीन दारं, आणि एकातून आत गेलं की बाकीची मागे बंद. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात या भिंती पातळ करण्याची भाषा आहे. पिपरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात त्या अजून पुरुषभर उंच आहेत, आणि त्या उंच ठेवण्यात माझाही हात आहे.

फॉर्म भरायची रात्र. आभाळ भरून आलेलं, नवतपा नुकताच सरलेला, घाम नुसता. लेक लॅपटॉपसमोर, मी शेजारी, तिचे बाबा मागे खुर्चीवर. शाखेच्या रकान्यात तिनं कला निवडलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "तुला भूगोलात नेमकं काय आवडतं, मला सांग ना." ती जरा दचकली. मग बोलायला लागली. पवनारला सहलीला गेले होते तेव्हा धाम नदीच्या पात्रातले ते काळे खडक तिनं पाहिले होते, ते कुठून आले हे सरांनी सांगितलं होतं. आपल्या विहिरी एप्रिलमध्ये आटतात आणि आजोबांच्या गावच्या का आटत नाहीत, कपाशीला काळी मातीच का लागते, हे तिला शोधायचं होतं. वीसेक मिनिटं ती बोलत होती. सोळा वर्षांत मी तिला इतका वेळ काही न सुचवता ऐकलं असेल का, मला शंका आहे.

भीती गेली नाही. नोकरीचं काय, हे मी तेव्हाही विचारलं, आणि तिच्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. भूजलाचं सर्वेक्षण, नकाशांचं काम, शिक्षक, स्पर्धा परीक्षा, तिनं गोळा केलेली यादी तिनं वाचून दाखवली. बारावीनंतर काय काय उघडं राहील आणि काय बंद होईल, हे आम्ही कागदावर लिहिलं. बंद होईल त्या बाजूला डॉक्टर होतं. तिनं ते स्वतःच लिहिलं, सावकाश, नीट अक्षरात. मग तिचे बाबा मागून म्हणाले, "भर बेटा." तिनं चार महाविद्यालयं भरली. उरलेले सहा रकाने रिकामेच राहू दिले. तेवढ्यात लाइट गेली, मोबाइलच्या नेटवर जोडणी केली, आणि टॉर्चच्या उजेडात तिनं फॉर्म लॉक केला.

भावाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो नाराज झाला, अजूनही थोडा आहे.

पहिली यादी २८ जूनला लागली. तिला पहिल्या पसंतीचंच मिळालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रं घेऊन आम्ही दोघी आर्वी नाक्यावरून कॉलेजकडे निघालो. पाऊस पडून गेला होता, स्कूटीनं उडवलेल्या चिखलाचे शिंतोडे माझ्या साडीवर होते. फाटकाशी तिनं हेल्मेट माझ्या हातात दिलं, फाईल छातीशी धरली आणि म्हणाली, "मी करते सगळं. तू येतेस का आत?"

"जा तू," मी म्हटलं, आणि कडुनिंबाखाली उभी राहिले.