शून्याची जागा आणि आमचे छत्तीस आर

हा राग अजून गेलेला नाही. एका शून्याच्या जागेपायी आमचं एकरभर रान कागदावर चार गुंठ्यांचं झालं, आणि ते तसं नाही हे सिद्ध करायचं काम आमच्याच गळ्यात पडलं.

हाताने लिहिलेले सातबारे, म्हणजे जमिनीचे उतारे, संगणकावर चढवताना हे घडलं. सोसायटीने पीककर्जाची रक्कम फारच कमी काढली, तेव्हा वडिलांनी उतारा माझ्यापुढे टाकला. क्षेत्र ०.०४.००, म्हणजे शून्य हेक्टर, चार आर. हवं होतं ०.४०.००.

जुना हस्तलिखित उतारा काढला. त्यात आमच्या नावापुढे नुसतं ‘०.४’ लिहिलेलं. शाळेत आपण शिकतो की ०.४ आणि ०.४० एकच, शेवटचा शून्य लिहिला काय, न लिहिला काय. सातबाऱ्यावर तसं चालत नाही. तिथे आधी हेक्टर, मग आर, मग चौरस मीटर. शंभर आरचा एक हेक्टर, शंभर चौरस मीटरचा एक आर. म्हणून टिंबानंतरच्या प्रत्येक घराला दोन अंक लागतातच. चार दशांश हेक्टर म्हणजे चाळीस आर, हे न बघता कुणीतरी आरच्या घरात नुसते ४ भरले आणि त्याचे ०४ झाले.

कार्यालयात हे सांगितलं, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, “चारच लिहिलंय ना? मग चारच आर.” मी कागदावर मांडून दाखवलं: ०.४ गुणिले १०० बरोबर ४०. “ते गणित झालं. नोंद दाखवा.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. जमिनीची नोंद काय गणिताच्या बाहेर असते? मग आकारबंदाची, म्हणजे गटाचं क्षेत्र नोंदवणाऱ्या कागदाची, नक्कल काढली. गटाचं एकूण क्षेत्र ०.८० हेक्टर. चुलत्यांचं ०.४०, आमचं ०.०४, बेरीज ०.४४. “साहेब, उरलेले छत्तीस आर कुणाचे?” उत्तर आलं नाही. तरी अर्ज आम्हीच करायचा, नकला आम्हीच काढायच्या, मजुरी बुडवून हेलपाटे आम्हीच घालायचे. अखेर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली, लेखनप्रमाद म्हणून तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्ती झाली.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हाताचा उताराच बरा होता. आता तसं म्हणवत नाही. घोळाचं मूळ त्या हाताने लिहिलेल्या ‘०.४’ मध्येच होतं, आणि आज उतारा मोबाइलवर घरबसल्या बघता येतो ही सोय लहान नाही. पण चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहावी लागते. मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीचं क्षेत्र अक्षरी का लिहू नये? ‘चाळीस आर’ असे दोन शब्द असते तर हे घडलंच नसतं. शिक्षकांनीही दशांश अपूर्णांक शिकवताना वर्गात एक सातबारा जरूर आणावा. खेड्यातल्या पोराला याहून कामाचं उदाहरण मिळणार नाही.

तुमचा उतारा आजच काढा. नाव बघून थांबू नका. गटातल्या सगळ्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज करा आणि ती आकारबंदाशी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर कर्जाची किंवा खरेदीखताची वेळ येण्याआधीच अर्ज द्या.