हिमरेषेची फुले अंगणात

मनालीहून सोलंगच्या खोऱ्याकडे एप्रिलमध्ये जाण्याचा योग आपणांस आला, तर रस्त्याच्या कडेची कुरणे जरा निरखून पाहावी. देवदारांच्या सावलीत बर्फाचे मळकट ढिगारे अजून वितळत असतात. गवताचा पिवळेपणा गेलेला नसतो. आणि त्या ओल्या, पिवळ्या गवतातून वीतभर उंचीच्या देठांवर जांभळ्या फुलांचे गोल चेंडू उभे असतात. हा प्रिम्युला डेंटिक्युलाटा. इंग्रज माळ्यांनी त्याला ढोल वाजवण्याच्या टिपरीचे नाव दिले आहे, आणि ते चपखल आहे. पाने पुरती उलगडण्याच्या आतच फुले येऊन उभी राहतात, जणू पाहुणे यजमानाच्या आधी पोहोचावेत.

आणखी वर, मढीच्या बाजूस, मे महिन्यात बर्फ जसजसा मागे सरतो तसतसा त्याच्या काठाने प्रिम्युला रोझिया फुलतो. उंची बोटभर, रंग गडद गुलाबी, मध्यभागी पिवळा ठिपका. मुळे बर्फाच्या पाण्यात भिजलेली. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलकडे जाणारी बहुतेक वाहने ९ किलोमीटरांच्या त्या बोगद्यातून निघून जातात. प्रवास सुखाचा झाला, पण हा फुलांचा काठ वाटेत लागेनासा झाला. तो पाहायचा तर रोहतांगच्या जुन्या रस्त्याने, तो जिथवर मोकळा झाला असेल तिथवर, मुद्दाम जावे लागते.

इतक्या थंडीत फुलण्याची ही घाई कशासाठी? उंचावरचा उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्यात फुलणे, फळणे आणि बी टाकणे उरकायचे असते. म्हणून यांतील अनेक वनस्पती पुढच्या वर्षीची कळी आदल्या शरदातच घडवून ठेवतात. प्रिम्युला हिवाळाभर जमिनीलगत एका जाड कोंबाच्या रूपात निजून असतो. वर हवेचे तापमान शून्याखाली पंधरा अंशांवर गेले, तरी हातभर बर्फाखालची माती शून्याच्या आसपासच राहते. आपल्याला जे बर्फाचे ओझे वाटते, ती त्या झाडाची दुलई असते.

बुटकेपणाचेही असेच आहे. वाऱ्याच्या वर डोके काढले तर पाने सुकतात, म्हणून झाड भुईला चिकटून, पानांच्या दाट गाद्या करून राहते. सूर्य तापला म्हणजे अशा गादीच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनीही चढलेले असू शकते. लडाखच्या उंच उतारांवर थायलॅकोस्पर्मम नावाच्या वनस्पतीच्या गाद्या इतक्या घट्ट असतात, की दुरून त्या हिरव्या शिळाच वाटाव्यात.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. डोंगरावरची फुले थंड प्रदेशातली, तेव्हा त्यांना सावली हवी, असे समजून हौशी माणसे ती भिंतीआड लावतात आणि गमावतात. जिथे झाडोराच नाही, तिथे सावली कुठून असणार? ही उन्हाचीच लेकरे आहेत. गवतात दडलेले इवलेसे निळे जेन्शियन तर आभाळ भरून आले की पाकळ्या मिटून घेते आणि ऊन पडले की पुन्हा उघडते. यांना मारतात त्या तीन गोष्टी वेगळ्याच: मुळांशी साचलेले पाणी, उकाड्याच्या रात्री आणि बर्फावाचून गेलेला हिवाळा.

पुण्या-नागपूरच्या वाचकांनी, म्हणूनच, ही हौस पाहण्यापुरती ठेवावी हे बरे. परंतु नोकरीनिमित्त शिमला, मसुरी, नैनिताल किंवा दार्जिलिंग येथे बिऱ्हाड असलेली मराठी कुटुंबे काही थोडी नाहीत. त्यांच्या अंगणात उताराचा एक सूर्यप्रकाशी तुकडा असेल, तर पुढचा मजकूर खास त्यांच्यासाठी आहे.

गंमत अशी, की या हिमालयी फुलांची बाग करण्याचे शास्त्र हिमालयापासून फार दूर वाढले. सहारणपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८३० च्या दशकात हिमालयातील वनस्पतींवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रिम्युला रोझियाचे शास्त्रीय नामकरण त्यांचेच. पुढे ही फुले ब्रिटनमधील बागांत रुळली. तिकडे दगड रचून बाग करण्याचे वेड पसरले, आणि त्याबरोबर वाटेल तसे दगड उभे करण्याचेही. यॉर्कशरच्या रेजिनाल्ड फॅरर यांनी १९०७ साली लिहिलेल्या पुस्तकात असल्या बागांची यथेच्छ टर उडवली. एका प्रकाराला तर त्यांनी कुत्र्याचे थडगे म्हटले. आपल्याकडच्या पुष्कळ सरकारी विश्रामगृहांपुढील चुन्याने रंगवलेल्या दगडांची वर्तुळे पाहिली, म्हणजे फॅररांची आठवण होते.

जागा निवडताना पूर्वेकडे तोंड असलेला उतार पसंत करावा. ब्रिटनमधील पुस्तके दिवसभराचे ऊन सांगतात. ते तिकडच्या कोवळ्या उन्हाला धरून आहे. आपल्या दोन हजार मीटरांवरील मे-जूनची दुपार बरीच कडक असते. सकाळचे ऊन पुरते मिळावे आणि दुपारनंतर तिरीप कमी व्हावी, इतके साधले म्हणजे झाले. जमीन दीड हात खणून तळाशी वीतभर विटांचे तुकडे वा दगडाची खडी भरावी. तिच्यावर उलटे केलेले गवताचे ढेप पसरावेत, म्हणजे माती खाली झिरपून खडी बुजत नाही. त्यावर एक भाग बागेची माती, एक भाग पुरते कुजलेले पानांचे खत आणि दोन भाग जाड वाळू व बारीक खडी यांचे मिश्रण घालावे. शेणखत मुळीच नको. खाऊनपिऊन माजलेले डोंगरी झाड पहिल्याच पावसात सडते.

दगड स्थानिक असावेत, आणि त्यांचा निम्म्याहून अधिक भाग मातीत पुरलेला असावा. माथा किंचित मागे, उताराच्या पोटाकडे झुकलेला ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी दगडामागे मुळांकडे जाते. दगडाखालची माती कडक उन्हातही गार राहते, आणि डोंगरी झाडाचे लांब मूळ तिचाच शोध घेत जाते. रोप लावून झाल्यावर भोवती दोन बोटे खडी पसरावी. खोड जिथे मातीत शिरते ती जागा कोरडी राहिली पाहिजे. मात्र सर्वांनाच एक नियम लावू नये. प्रिम्युलांना ओल लागतेच. त्यांची जागा उताराच्या पायथ्याशी, जिथे वरचे पाणी येते पण तुंबत नाही.

खरा कसोटीचा काळ पावसाळा. हिवाळ्याची धास्ती घेणारे पुष्कळ भेटतात, परंतु माझ्या मते डोंगरी बागेचे भवितव्य जून ते सप्टेंबर या महिन्यांत ठरते. दार्जिलिंगला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लेहला शंभराच्या आसपास. अँड्रोसेससारख्या लोकरी पानांच्या झाडांवर हे पाणी दिवसेंदिवस अडकून राहिले, की पानांचा चिखल होतो. त्यांच्यावर चार खुंट्या रोवून काच किंवा पाटीचा दगड तिरपा टेकवावा; बाजू उघड्याच असाव्यात, वारा खेळला पाहिजे.

एवढा खटाटोप ज्यांना नको, त्यांनी आरंभ पाषाणभेदाने करावा. मुतखड्यावरील औषध म्हणून आयुर्वेदाला परिचित असलेली ही वनस्पती हिमालयातील कातळांच्या भेगांतून उगवते, रुंद पाने जमिनीसरशी पसरते आणि वसंतात पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुबके धरते. पावसालाही ती दाद देत नाही. पूर्वी तिची गणना सॅक्सिफ्रागा या कुळीत होत असे, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थही दगड फोडणारी असाच आहे.

रोपे मात्र रोपवाटिकेतूनच घ्यावीत. कुरणातून मुळासकट उपटलेले झाड रुमालात गुंडाळून मोटारीतून नेताना कितीदा दिसते! उंचावरील गादीसारखी झाडे वर्षाला जेमतेम वाढतात. मूठभर गादीमागे कित्येक वर्षे असतात, आणि तुटलेले मूळ खालच्या हवेत जीव धरत नाही. गढवालमधील फुलांच्या घाटीत, जी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, फुले तोडण्यास मनाईच आहे. शिवाय या झाडांपुढे आता दुसरे संकट आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची उतरण जवळजवळ बर्फावाचून उघडी पडली होती. स्कीवर घसरायला आलेल्या पर्यटकांचा हिरमोड वृत्तपत्रांत आला. दुलईविना राहिलेल्या कोंबांची बातमी कोण देणार?

बी हा सर्वांत निर्दोष मार्ग. प्रिम्युलाचे ताजे बी डिसेंबरात उथळ कुंडीत पेरावे. त्यावर माती लोटू नये, बारीक खडीचा विरळ थर पुरे. उजेड लागल्यावाचून ते रुजत नाही. कुंडी उघड्यावर, बर्फ पडेल अशा जागी ठेवावी. ज्या वर्षी बर्फ पडणार नाही, त्या वर्षी कुंडीतील माती ओलसर ठेवून ती चार-सहा आठवडे शीतकपाटात ठेवली तरी चालते. मार्च-एप्रिलमध्ये कोंब दिसतील. पावसाळा त्यांनी निभावला, तर त्यापुढच्या वसंतात पहिला जांभळा चेंडू अंगणात उभा राहील.