गिरगांवांतील गेलेलीं घरें

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं सकाळीं मी डोंबिवलीहून आगगाडीनें मुंबईस आलों, आणि छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसजवळ भुयारी मेट्रोंत बसून गिरगांवास गेलों. मध्यें काळबादेवी हें एकच स्थानक. २०२५ च्या ऑक्टोबरांत हा मार्ग खुला झाल्यापासून माझा तो पहिलाच प्रवास. लहानपणीं ज्या रस्त्यानें वडिलांचें बोट धरून मी अर्धा तास चालत असें, तो रस्ता कोठें तरी डोक्यावर राहिला, आणि थोड्याच मिनिटांत सरकत्या जिन्यानें मी गिरगांवच्या उन्हांत वर आलों.

वर येतांच पाय थबकले. जगन्नाथ शंकरशेट मार्गाची एक बाजू ओळखीची होती. दुसरीची ओळख पटेना. ह्या स्थानकासाठीं येथल्या कांहीं जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. त्यांतील कुटुंबांना ह्याच भागांत नवीं घरें देण्याचें ठरलें, आणि तोंपर्यंत तीं इतरत्र पांगलीं. मी जेथें उभा होतों तेथें कांहीं वर्षांपूर्वीं कोणाचा तरी देव्हारा असेल, कोणाची तरी चूल असेल, असें मनांत आलें, आणि पाऊल जरा जपूनच टाकलें.

माझ्या पिशवींत एक कागद होता. दोन वर्षें तो मीं सही न करतां ठेविला होता. त्याची हकीकत पुढें येईलच. आधीं ज्या वस्तीशीं त्याचा संबंध आहे, तिच्यांतून वाचकांनीं माझ्याबरोबर चार पावलें चालावीं, एवढी विनंति आहे.

गिरगांव म्हणजे गिरिग्राम, मलबार टेकडीच्या पायथ्याचें गांव, अशी ह्या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. गांव मोडून शहर झालें त्यास कितीएक पिढ्या लोटल्या. पण नांवें मोडलीं नाहींत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ह्या वाड्यांत आज फणसाचें झाड किंवा कांद्याची पात दिसावयाची नाहीं. तरी टपालवाला तींच नांवें वाचून पत्र टाकतो. मुगभाट, बोरभाट, कोलभाट यांतील 'भाट' म्हणजे काय, असें मी वर्गांत मुलांना विचारीत असें. मुलें उत्तर देत, "राजाची स्तुति गाणारा." गोमंतकांत नारळी-पोफळीच्या बागाइताला अजून भाट म्हणतात, हें सांगितलें म्हणजे त्यांना डांबरी रस्त्याखालची बाग दिसूं लागे. घरापेक्षां नांव चिवट असतें, हा गिरगांवचा पहिला धडा होय.

ह्याचा दाखला त्याच रस्त्यावर आहे. 'आलमआरा' हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं येथल्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला. तें चित्रगृह पुढें पाडण्यांत आलें. आतां त्या जागीं दुकानांची इमारत आहे, आणि तिचेंहि नांव मॅजेस्टिकच. केशवराव कोठावळे यांनीं ह्याच परिसरांत पुस्तकांचें दुकान काढलें, त्यालाहि तेंच नांव दिलें. आज मॅजेस्टिक म्हटलें म्हणजे मराठी माणसाला चित्रपटापेक्षां पुस्तकें आधीं आठवतात. त्याहूनहि जुनें चित्रगृह कॉरोनेशन. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं तेथें प्रेक्षकांपुढें आला. आज रस्त्यांतून जाणाऱ्या दहा जणांना विचारलें, तर तें कोठें होतें हें एकालाहि सांगतां येईल असें वाटत नाहीं.

मला स्वतःला अधिक चुटपुट लागते ती कोलभाट गल्लींतील छापखान्याची. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं काढलेल्या निर्णयसागर मुद्रणालयाचें नांव संस्कृताच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. १८८६ पासून निघालेल्या तेथल्या 'काव्यमाले'नें कितीएक दुर्मिळ काव्यें पोथींतून पुस्तकांत आणिलीं. माझें सारें अध्ययन वडिलांच्या पेटींतील निर्णयसागरी पुस्तकांवर झालें. अक्षर असें सुबक कीं, अर्थ कळण्यापूर्वींच पान आवडे. तो छापखाना आतां नाहीं, आणि गल्लीलाहि डॉक्टर वेलकरांचें नांव मिळालें आहे. पण तेथें छापलेलीं पुस्तकें देशोदेशींच्या ग्रंथालयांत अजून उघडलीं जातात.

सगळेंच गेलें, असें मात्र म्हणवत नाहीं. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सुरू झालेला गणेशोत्सव, ज्यास १९०१ सालीं लोकमान्यांनीं भेट दिली, तो आजहि होतो. १९३५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचें १९६४ सालचें नाट्यगृह केळेवाडींत आहे. पण दोन वाड्या ओलांडल्या कीं एक उंच मनोरा, आणि दोन मनोऱ्यांमध्यें टेकू लावलेली एक चाळ, असें आतां गिरगांवचें रूप झालें आहे.

हीं घरें कां पडतात? केवळ पैशाच्या लोभानें, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे, आणि बरींच वर्षें मीहि तसेंच म्हणत होतों. खरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकिलीं. त्यामुळें आमच्यासारख्या शेंकडों कुटुंबांना मुंबईंत डोक्यावर छप्पर राहिलें, हें विसरून चालणार नाहीं. परंतु त्या भाड्यांत कौलें बदलणेंहि मालकांना परवडेना, आणि इमारती झिजत गेल्या. मग १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ निर्माण झालें व जुन्या इमारतींवर उपकर बसला. तेव्हां अशा सुमारें १९,६०० इमारती मोजण्यांत आल्या. दुरुस्तीनें न भागणाऱ्या इमारतींसाठीं आतांचा उपाय असा कीं, विकासकानें जुन्या भाडेकरूंस निदान ३०० चौरस फुटांचें घर विनामूल्य द्यावें आणि वर चढविलेले जादा मजले विकून आपला खर्च व नफा काढावा. त्यासाठीं पूर्वीं शेंकडा ७० भाडेकरूंची संमति लागे, आतां ५१ पुरते.

माझ्या पिशवींतला कागद म्हणजे हेंच संमतिपत्र. आमच्या दोन खोल्या कै. वडिलांच्या नांवें होत्या. त्यांच्या पश्चात् आम्हां तिघां भावांचा त्यांवर हक्क. थोरले बंधु वारले, धाकट्यानें सही केली, माझी राहिली. मीं ती कां केली नाहीं? कारण शेजारच्या वाडींतील एक इमारत माझ्या डोळ्यांपुढें होती. तिची मंडळी तीन वर्षांच्या बोलीवर घरें सोडून गेलीं. पंधरा वर्षांनींहि त्या जागीं पत्र्याचें कुंपण आणि आंत पावसाचें पाणी. माझा एक वर्गमित्र त्या पंधरा वर्षांतच निवर्तला. ही भीति खरी होती. पण तिच्या आड दुसरेंहि कांहीं होतें, तें त्या सकाळीं मला कळलें.

आमची चाळ मुगभाटाच्या अंगाला. लांकडी जिना, प्रत्येक पायरी मध्यें झिजून खोलगट झालेली. तिसऱ्या मजल्यावर पोंचेपर्यंत मला दोनदां कठडा धरून उभें राहावें लागलें. वर तीच लांब गॅलरी, तेच वाळत घातलेले कपडे, आणि टोकाला मजल्याच्या वीस बिऱ्हाडांत मिळून चार संडास. माझ्या वहिनी १९७१ सालीं लग्न होऊन ह्या गॅलरींत आल्या. आज त्यांचें वय त्र्याहत्तर आहे.

चहा झाल्यावर मीं माझी वही काढली. चाळ पडलीच तर तिची स्मृति राहावी, म्हणून मीं प्रत्येक मजल्याचा नकाशा काढून कोणत्या खोलींत कोण राहत असे हें लिहून ठेविलें होतें. मोठ्या उत्साहानें मीं तें वाचून दाखविलें. गणपतींतलीं व्याख्यानें, कोजागरीचें दूध, गॅलरींतल्या वादविवादाच्या सभा, वसंतांतलें डाळपन्हें, सगळें त्यांत होतें. शेवटीं मीं म्हटलें, "वहिनी, हें सारें आपल्या हातानें मोडून टाकावयाचें, तर सही करतांना हात थरथरतो."

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हांला चाळ आठवते. मला ती चढावी लागते."

मी निरुत्तर झालों. त्या पुढें म्हणाल्या, "तुमच्या दादांना छातींत कळ आली त्या रात्रीं जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. खुर्चींत बसवून खालीं नेलें. त्यांत पाऊण तास गेला. तुम्ही तेव्हां डोंबिवलीस होतां. माझ्या बाळंतपणानंतर मध्यरात्रीं बादली घेऊन मी ह्या गॅलरीच्या टोकाला गेलें आहें. सुनेनेंहि तेंच केलें. नातीनें करूं नये, एवढेंच माझें म्हणणें. नवें घर मला पाहावयास मिळेल कीं नाहीं, तें देवाला ठाऊक. शेजारच्या वाडीचें मलाहि दिसतें. पण भाडें आगाऊ मिळावें, करार नोंदलेला असावा, हें मुलानें वकिलाकडून पाहून घेतलें आहे. आणखी काय करायचें?"

नंतर त्यांनीं माझी वही मागितली आणि चष्मा लावून वाचूं लागल्या. "ह्यांत सगळे पुरुषच आहेत कीं!" त्या हंसून म्हणाल्या. खरेंच होतें. प्रत्येक खोलीसमोर मीं कुटुंबप्रमुखाचें नांव व त्याची कचेरी लिहिली होती. मग वहिनी सांगूं लागल्या आणि मी लिहूं लागलों. कोणत्या खोलींत मजल्यावरच्या मुली मॅट्रिकच्या अभ्यासाला बसत. पहांटे चारला नळ येई तेव्हां पाण्याची पाळी कोण लावी. कोणाच्या घरीं नवरा मारी म्हणून बाकीच्या बायका रात्रीं भांडीं वाजवून त्याला लाज आणीत. विधवा झालेल्या एकीचा पापडांचा संसार कोणत्या गच्चीवर उभा राहिला. माझ्या वहींत ह्यांतलें एक अक्षरहि नव्हतें.

"आणखी एक लिहा," त्या म्हणाल्या. "आपल्या चाळींत दुसऱ्या जातीच्या माणसाला खोली मिळत नसे. तें गाळूं नका." मी थांबलों. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, मीं लिहिलें. "आणि संडास झाडावयाला तीस वर्षें एक बाई येत असे. तिचें नांव?" मला आठवेना, आठवेना कसलें, मला तें कधीं माहीतच नव्हतें. वहिनींना माहीत होतें. तिच्या गांवाचें नांव, तिच्या मुलांचीं नांवें, तिच्या धाकट्याला नोकरी लागली तेव्हां तिनें आणलेल्या पेढ्यांची गोष्ट, सगळें त्यांनीं सांगितलें. तें पेढे मजल्यावर किती घरांनीं घेतले नाहींत, हेंहि सांगितलें. वहीच्या शेवटच्या पानावर तिचें नांव आतां आहे.

दोन वर्षें मी ज्या स्मृतीच्या रक्षणासाठीं अडून बसलों होतों, ती स्मृति अर्धीच होती, आणि ती सांभाळण्याचा भार जी जिना चढत होती तिच्या गुडघ्यांवर होता. दिवे लागण्यापूर्वीं मीं सही केली.

संस्कृताच्या शिक्षकाची खोड म्हणून एक गोष्ट सांगतों. 'विकास' शब्दाचा मूळ अर्थ उमलणें. 'जीर्ण' शब्दाचे मात्र दोन अर्थ आहेत: एक झिजलेलें, दुसरा पचलेलें. अन्न जीर्ण झालें म्हणजे तें वायां जात नाहीं, अंगीं लागतें. जुनें घर पडणें आपल्या हातीं नसेल. तें अंगीं लावून घेणें आपल्या हातीं आहे. न पचवितां टाकलेल्या घराचें मात्र रोडेंच उरतात.

ज्या वाचकांचे वाडे, चाळी, आळींतलीं घरें आज ना उद्यां पडावयाचीं आहेत, त्यांना एवढेंच सुचवितों. करार वकिलाला दाखवा, तो नोंदवून घ्या, आणि सामान बांधण्यापूर्वीं एक कोरी वही घेऊन घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसा. तिला बोलूं द्या. नावडतें असेल तेंहि लिहा. आमच्या वहीच्या प्रती काढून प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक द्यावयाचें ठरलें आहे; झाडणाऱ्या त्या बाईच्या मुलाचा पत्ताहि वहिनींनीं शोधून काढला आहे, आणि पहिली प्रत घेऊन येत्या रविवारीं आम्ही दोघें त्याच्याकडे जाणार आहों.